बालकांचे हक्क : खेड्यात शिकलेला एक धडा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील पालक-शिक्षक सभेत केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढले आहे.)



मला 'बालकांचे हक्क' या विषयावर बोलायला सांगण्यात आले, तेव्हा माझ्यासमोर दोन वाटा होत्या. पहिली वाट पुस्तकाची. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता मंजूर केली. भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. तिची ५४ कलमे आहेत आणि जगणे, विकास, संरक्षण व सहभाग असे हक्कांचे चार गट त्यात मानले जातात. एवढे सांगून मी खाली बसलो असतो तरी भाषण झाले असते. दुसरी वाट उमरेडच्या पुढची, भिवापूर तालुक्यातल्या एका लहान गावाकडे जाणारी. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या आठवीच्या वर्गाला घेऊन मी त्या वाटेने गेलो होतो. आज मी आपल्याला त्याच वाटेने नेणार आहे, कारण हा विषय मला स्वतःला तेथेच समजला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि समाजशास्त्र शिकवतो. बालहक्कांचा पाठ मी फळ्यावर चार रकाने आखून शिकवला होता. मुलांनी तो वहीत सुबक उतरवून घेतला आणि चाचणीत बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. पण एका मुलीने विचारले, "सर, हे हक्क असतात कुठे? दिसतात का?" मला चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हा ठरवले की खेड्यातल्या शाळेत जाऊन पाहू.

ही कल्पना काही माझी नव्हे. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींनी शिक्षण परिषद बोलावली होती. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. हेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. आमच्या मुलांना मात्र ते 'अब्बू खाँ की बकरी' या गोष्टीचे लेखक म्हणून जास्त ठाऊक आहेत. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताच्या कामातून ज्ञान, हा त्या योजनेचा गाभा होता. डिसेंबर १९३७ च्या अहवालात समितीने एक धोकाही दाखवून दिला होता. कामाच्या कमाईवरच नजर राहिली तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल, असा तो धोका. हे वाक्य ध्यानात ठेवावे, अशी माझी आपणास विनंती आहे. पुढे ते कामी येणार आहे.

एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर ठरवली. निघण्यापूर्वी मुलांना तीन गोष्टी बजावल्या. पहिली, आपण काही वाटायला जात नाही. जुने कपडे, खाऊ, वह्या कोणी आणायच्या नाहीत. दुसरी, कोणाच्या घराकडे बोट दाखवून हसायचे नाही. तिसरी, प्रत्येकाने तीन प्रश्न न्यायचे आणि समोरच्याच्या तीन प्रश्नांची खरी उत्तरे द्यायची. तिसरा नियम मी सहज म्हणून केला होता. तो मलाच किती महाग पडणार आहे, याची कल्पना नव्हती.

गावातली शाळा जिल्हा परिषदेची, पाचवीपर्यंतची. दोन खोल्या, एक कडुनिंब आणि समोर एवढे मोठे मैदान की आमची मुले बसमधून उतरताच धावत सुटली. मुख्याध्यापक गुरुजींनी त्यांना थांबवले नाही. "धावू द्या सर. शहरात कुठं मिळतं?" असे ते म्हणाले. खेळ आणि विश्रांती हा संहितेच्या ३१ व्या कलमातला हक्क आहे. तो त्या गावातल्या मुलांजवळ आहे आणि आमच्या गल्लीतल्या मुलांजवळ नाही, ही वहीतली पहिली नोंद झाली.

दुसरी नोंद स्वयंपाकाच्या चुलीपाशी झाली. पाचवीपर्यंतच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, हे प्रमाण स्वयंपाकीण ताईंना तोंडपाठ होते. त्या दिवशी पटावर हजर होती ३१ मुले. आमच्या एका विद्यार्थ्याने तेथेच हिशेब केला : ३ किलो १०० ग्रॅम तांदूळ, ६२० ग्रॅम डाळ. मग तो मला म्हणाला, "सर, म्हणजे हक्क मोजता पण येतो." खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, म्हणून तो आज तराजूत मोजता येतो. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे मी पाहिले. तिने वहीत लिहिले होते, 'एक हक्क दिसला.'

पण सगळेच दिसते तसे नव्हते. पाचवीनंतर मुलांना दुसऱ्या गावी जावे लागते. मुलींसाठी मानव विकासची निळी बस येते. ज्या दिवशी ती येत नाही, त्या दिवशी मुलगी घरी राहते. नियमाने सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. तीन किलोमीटर म्हणजे नकाशावर काहीच नाही; पण ओढ्याच्या कडेने एकट्या मुलीने चालायचे म्हटले की ते अंतर फार वाढते, असे तिथल्या एका आईने आम्हाला सांगितले.

हा भाग लाल मिरचीचा. हंगामात तेथे मिरचीचे सातरे चालतात, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याचे काम. बाया सकाळपासून ढिगापाशी बसतात आणि मजुरी वजनावर मिळते. सुट्टीच्या दिवशी लेकरेही आईच्या शेजारी बसतात. चार हात लागले की टोपली लवकर भरते. आम्ही पाच मिनिटे उभे राहिलो तर सगळ्यांना शिंका सुटल्या आणि डोळे चुरचुरू लागले. एका दहा वर्षांच्या मुलाने आम्हाला हात दाखवले. रात्री आग होते, झोप येत नाही, असे तो म्हणाला. त्याचा मोठा भाऊ सायंकाळी शेळ्या चारतो. आमच्या मुलांत तेथेच वाद सुरू झाला. शेळ्या चारणे हे काम की खेळ? मिरची खुडणे हे घरकाम की मजुरी? आईला मदत करणे वाईट कसे?

मी त्यांना कायदा सांगितला. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली, पण शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावण्याची, काम धोक्याचे नसल्यास, मुभा राहिली. कायदा सांगून झाला तरी वाद मिटला नाही. मग झाकिरसाहेबांच्या समितीचा इशारा मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितला : जे काम मुलाला काही शिकवते आणि थकण्याआधी सोडते ते शिक्षण, जे काम त्याची झोप, खेळ आणि शाळा खाते ती मजुरी. मुलांना हे पटले. मलाही आपण फार चांगले समजावले असे वाटले.

दुपारी कडुनिंबाखाली प्रश्नोत्तरे झाली. शेजारच्या गावी सातवीत जाणारी एक मुलगी सुट्टी असल्याने तेथे आली होती. तिने आमच्या वर्गातल्या एका मुलाला विचारले, "शाळा सुटल्यावर सायंकाळी तू काय करते रे?" हा मुलगा मागच्या बाकावर बसणारा, अबोल. तो घुटमळला. मग नियमाप्रमाणे त्याने खरे सांगितले. "चहाच्या दुकानात असतो. कप धुतो. रात्री अकरा वाजता घरी येतो."

क्षणभर कोणी बोलले नाही. मुलीने पुन्हा विचारले, "मग अभ्यास?" तो म्हणाला, "सकाळी शाळेत झोप येते."

वाचकहो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. ह्या मुलाला वर्गात झोप लागते, हे मला ठाऊक होते. त्याबद्दल मी त्याला दोनदा बाकावर उभे केले होते आणि एकदा हातावर पट्टी मारली होती. 'आळशी' हा शब्द मी त्याच्या प्रगतिपुस्तकात स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला होता. सातऱ्यावरचा मुलगा मला दिसावा म्हणून मी पाऊणशे किलोमीटर गेलो आणि माझ्या टेबलापासून सहा बाक मागे बसलेला मुलगा मला आठ महिने दिसला नाही. मिरचीच्या ढिगापाशी मी जे सुंदर वाक्य बोललो, त्या वाक्याने आधी माझाच निकाल लागला.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो. वडील आजारी, आई घरी शिवणकाम करते, धाकट्या दोन बहिणी. दुकानदार ओळखीचा, रोज शंभर रुपये देतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. मग विचारले, "आणखी कोण कोण काम करते?" आधी कोणाचाच हात वर झाला नाही. मग एक झाला, मग दुसरा. शेवटी नऊ हात मोजले. कोणी जरीकामावर बसते, कोणी गॅरेजात जाते, कोणी सकाळी दूध टाकते. दोन मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळून आईसोबत मण्यांचे काम करत होत्या. आपल्या हाताला काम म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आता कायद्याचा एक मुद्दा मांडतो. तो आपल्या संस्थेने विचारात घ्यावा असा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठी केलेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई आहे. परंतु ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही असा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. त्याचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल. दुसरीकडे, अल्पसंख्याक मुलांची शालान्तपूर्व शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून नववी-दहावीपुरती ठेवली. कारण असे दिले की आठवीपर्यंतचे शिक्षण या २००९ च्या कायद्याने मोफतच आहे. म्हणजे आपल्या शाळेतल्या आठवीच्या मुलाला कायद्याचे नाव सांगून शिष्यवृत्ती नाकारली गेली, आणि तोच कायदा त्याच्या शाळेला लागू नव्हता.

आपल्या संस्थांची स्वायत्तता मला प्रिय आहे. घटनेच्या ३० व्या कलमाने ती आपल्याला दिली आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण ती सूट संस्थेला मिळालेली आहे. मुलाच्या तळहातावरच्या पट्टीला नव्हे. मी कायद्याच्या कक्षेत येत नव्हतो, असे सांगून मी कदाचित सुटेन. त्या मुलाच्या डोळ्यांपुढे मला सुटता येणार नाही. सरकारने सक्ती केली नाही तर ती जबाबदारी आपण आपण होऊन घ्यावी, यातच स्वायत्ततेची शान आहे.

म्हणून माझ्या चार नम्र सूचना आहेत. पहिली, छडी, पट्टी आणि बाकावर उभे करणे आपल्या शाळांतून बंद व्हावे आणि तसा ठराव संस्थेने लेखी करावा. दुसरी, दर वर्षी जूनमध्ये वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जावे. उपदेश करायला नव्हे, ऐकायला. तिसरी, शाळा समितीत निम्म्या माता असाव्यात, कारण मूल किती वाजता झोपते हे त्यांनाच ठाऊक असते. चौथी, काम करणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी गरीब विद्यार्थी निधीत वेगळी तरतूद असावी. नुसते 'काम सोड' म्हणणे सोपे आहे. रोजचे शंभर रुपये कोठून येणार, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

तो मुलगा आता नववीत आहे. काही शिक्षकांनी आणि मोहल्ल्यातल्या दोन सद्गृहस्थांनी मिळून त्याच्या घरचा थोडा भार उचलला; दुकान सुटले. तो हुशारांच्या यादीत आला, असे काही मी सांगणार नाही. गणितात तो अजून काठावर पास होतो. पण वर्गात जागा असतो आणि प्रश्न विचारतो. उरलेल्या आठांपैकी पाच जण अजूनही काम करतात. ते आकडे मी मुद्दाम येथे सांगतो, म्हणजे टाळ्या वाजवून आपण घरी जाणार नाही.

गावातल्या त्या मुलीला आमच्या वर्गाने पत्र लिहिले. मराठीत लिहिले, मी फक्त शुद्धलेखन तपासले. तिचे उत्तर आले. तिने विचारले आहे, तुमच्या शाळेला मैदान कधी होणार? हा प्रश्न मी अध्यक्ष महाशयांच्या आणि आपणा सर्वांच्या स्वाधीन करून आपली रजा घेतो.

जय हिंद.