'बारोमास'चे सदानंद देशमुख



जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदतीचं पॅकेज जाहीर केलं. त्यांत आपला बुलढाणाही होता. शेतकऱ्याच्या घरात काय चाललंय, हे त्याआधी चार वर्षं याच जिल्ह्यातल्या एका लेखकानं लिहून ठेवलं होतं. ती कादंबरी 'बारोमास', आणि लेखक सदानंद देशमुख.

देशमुखांचा जन्म 1959 चा, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा. पुढे बुलढाण्याच्या महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकवलं. 'लचांड', 'उठावण', 'महालूट' हे त्यांचे कथासंग्रह. 'तहान' ही कादंबरी गावाच्या पाणीटंचाईवरची, आणि 'बारोमास'नंतर आली 'चारीमेरा'. प्राध्यापक झाले, पण त्यांच्या लेखनानं गाव आणि शिवार सोडलं नाही.

'बारोमास'मधला एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला आहे. मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही, म्हणून तो शेतात राबतो. वडील सुभानराव, आई शेवंतामाय, शहरातून आलेली बायको अलका, गुप्तधनाच्या नादी लागलेला धाकटा भाऊ मधू. नापिकी, कर्ज, पडलेला भाव याबद्दल आपण वर्तमानपत्रात वाचतो. देशमुख आपल्याला त्या घराच्या ओसरीवर नेऊन बसवतात. पैसा नसला की बापलेकांचं बोलणं कसं तुटतं, सासू-सुनेत साध्या गोष्टीवरून कशी जुंपते, ते दाखवतात. विशेष म्हणजे या घरात कुणी खलनायक नाही. ज्याचं त्याचं म्हणणं त्याच्या जागी खरं वाटतं, आणि म्हणूनच वाचताना जीव कासावीस होतो. मला ही या कादंबरीची सर्वांत मोठी ताकद वाटते. शिकलं की शेतकऱ्याच्या पोराचं भलं होतं, हा आपला भरवसा एकनाथनं मुळापासून हलवला.

यातली माणसं आपल्या वऱ्हाडी वळणानं बोलतात. तरीही कादंबरी जिल्ह्याबाहेर दूरवर गेली. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. दामोदर खडसे यांनी ती हिंदीत नेली, आणि त्या अनुवादालाही अकादमीचा पुरस्कार लाभला. धीरज मेश्राम यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट केला.

श्रोतेहो, आपल्या गावच्या वाचनालयात 'बारोमास' नसेल, तर ग्रंथपालांकडे आजच मागणी नोंदवा. आणि घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ही कादंबरी त्यांच्यासोबत बसून वाचा.