नाते, नागरिकत्व आणि प्रवेशाचा हक्क

(तंजावर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



तंजावरच्या मराठा राज्यातील कारैकाल हे बंदर १७३९ मध्ये फ्रेंचांकडे गेले. त्या घटनेचे परिणाम या परिसरातील कुटुंबांत आजही दिसतात. पुदुच्चेरी, कारैकाल आदी वसाहतींचा प्रत्यक्ष कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. हस्तांतरणाचा करार १९५६ मध्ये झाला व १६ ऑगस्ट १९६२ रोजी अंमलात आला. सहा महिन्यांत लेखी निवेदन देऊन फ्रेंच नागरिकत्व राखण्याची मुभा त्याने तेथील रहिवाशांना दिली. म्हणूनच पती फ्रेंच व पत्नी भारतीय नागरिक, अशी कुटुंबे येथे नवलाची नाहीत.

अशा पत्नीचा युरोपातील प्रवेश ही शासनाची कृपा की तिचा हक्क? उत्तर पती कोठे राहतो यावर अवलंबून आहे. दोघे फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यास सर्वसाधारणपणे फ्रान्सचा राष्ट्रीय कायदा लागू होतो. पती नोकरीसाठी बेल्जियमला गेल्यास मात्र युरोपीय संघाचा २००४ चा अडतिसावा निर्देश लागू होतो. त्यानुसार जोडीदार, २१ वर्षांखालील वा अवलंबित अपत्ये आणि अवलंबित आई-वडील यांना प्रवेशाचा हक्क आहे. व्हिसा विनाशुल्क व त्वरेने द्यावा लागतो. निवासपत्र अर्जापासून सहा महिन्यांत द्यावयाचे असते. सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा फसवणूक या कारणांवरूनच नकार देता येतो. तो लेखी व सकारण असावा लागतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते.

स्वदेशी परतणाऱ्यांचे काय? सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी निर्णय दिला. त्याची ब्रिटिश पत्नी त्याच्यासह जर्मनीत नोकरी करून मायदेशी परतली होती. अशा वेळी जोडीदारास किमान युरोपीय कायद्याइतके संरक्षण मिळालेच पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. ब्रिटन २०२० मध्ये संघातून बाहेर पडल्याने तेथे ही व्यवस्था आता सर्वसाधारणपणे लागू नाही.

हक्क स्पष्ट असला तरी नाते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. बनावट विवाह रोखणे हे शासनाचे रास्त कर्तव्य आहे. परंतु संशयापोटी खऱ्या दांपत्याची वर्षानुवर्षे ताटातूट होणे हा अन्याय आहे. मंदिरात विधिपूर्वक झालेला, पण नोंदणी न केलेला विवाह परदेशी अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणे कठीण जाते. नावाच्या वर्णलेखनातील फरकही आड येतो.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे दिलेले निर्देश आणि तमिळनाडूचा २००९ चा विवाहनोंदणी कायदा यांचे महत्त्व केवळ प्रशासकीय नाही. परदेशात दस्तऐवज ग्राह्य ठरविणाऱ्या अपॉस्टिल व्यवस्थेतही भारत २००५ पासून सहभागी आहे. मात्र अपॉस्टिल लावण्यासाठी मुळात दस्तऐवज असावा लागतो. ब्रुसेल्समध्ये मान्य झालेला हक्क अखेरीस तंजावरच्या निबंधक कार्यालयातील एका अचूक नोंदीवर उभा असतो.