सिंधूच्या हातात रिमोट दिला तर

अमळनेरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हप्ता, पासबुक, अंतर्गत कर्ज यातलं काहीच बोलणार नाही. आज सिनेमे आणि मालिकांबद्दल बोलू. पण आपल्या आवडीच्या नाही, सिंधूच्या आवडीच्या.

सिंधू म्हणजे राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातली. ज्यांनी नाटक पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सुधाकर हा हुशार वकील. कोर्टात भांडण होतं, सनद काही दिवसांसाठी जाते, अपमान जिव्हारी लागतो. तळीराम नावाचा माणूस त्याला म्हणतो, घ्या एकच प्याला, बरं वाटेल. पुढचं तुम्हाला सांगायला नको. घर धुऊन निघतं. श्रीमंत घरची लेक सिंधू लोकांची दळणं दळून लेकराचं पोट भरते, माहेरची मदत घेत नाही. शेवटी नशेत सुधाकरच्या हातून स्वतःचं तान्हं बाळ मरतं, सिंधूही जाते, आणि मग तोही विष घेतो. गडकरी 23 जानेवारी 1919 ला वारले आणि महिनाभरात गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधू कोण झालं होतं? बालगंधर्व! भरजरी शालूंसाठी नावाजलेला हा नट सिंधूसाठी फाटकं लुगडं नेसून यायचा आणि अख्खं थिएटर रडायचं.

बी. ए.ला आम्हाला हे नाटक होतं. ते एकदा बैठकीनंतर गटात सांगितलं, चहा व्हायचा होता म्हणून. ऐकून झाल्यावर एकीनं विचारलं, "ही बाई आज असती, घरात टीव्ही असता, तर काय पाहिलं असतं हिनं?" चहा गार झाला, पण वाद मिटला नाही.

पहिलं उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं, 'माहेरची साडी'. 1991 चा अलका कुबलचा सिनेमा. आपल्या आया-मावश्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तो पाहायला गेल्या होत्या, रुमाल भिजवून परत आल्या. सिंधूचं दुःख तसंच, म्हणून तिला तोच आवडणार, असा हिशोब. पण गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशींना तो पटला नाही. त्या म्हणाल्या, जी दिवसभर रडते ती रात्री पुन्हा रडायला कशाला बसेल? मावशींचं म्हणणं आम्हाला खरं वाटतं. आम्ही घरोघर फिरतो. जिच्या घरी रोज रात्री तमाशा, ती बाई रडकी मालिका लावत नाही. लेकरं झोपली की मोबाइलचा आवाज बारीक करून ती अहिराणी कॉमेडी बघते. तोंडावर पदर धरून हसते. रडायचा सिनेमा सुखात असलेल्या माणसाला परवडतो.

तरी 'श्यामची आई' तिनं पाहिला असता, असं आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं. साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, म्हणून आमचा थोडा पक्षपातही असेल. आचार्य अत्र्यांचा तो सिनेमा 1953 चा, वनमालाबाई त्यात आई झाल्या. त्यातही गरिबी आहे, दारात येऊन अपमान करणारा सावकाराचा माणूस आहे. पण त्या आईचं लेकरू वाचतं आणि मोठं होऊन तिची गोष्ट सांगतं. सिंधूचं बाळ वाचलं नाही. तिनं तो सिनेमा आईसाठी नाही, श्यामसाठी पाहिला असता.

मग आला 'होम मिनिस्टर'. आदेश भावोजी घरी येणार, खेळ होणार, जिंकली की पैठणी. हा कार्यक्रम सिंधूला शंभर टक्के आवडला असता, यावर सगळ्यांचं एकमत झालं. का? पैठणीसाठी नाही. तिच्या वडलांकडे पैठण्यांना तोटा नव्हता. त्या कार्यक्रमात नवरा चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर बायकोचं कौतुक करतो. भावोजी विचारतात, वहिनींच्या हातचं काय आवडतं? आणि तो लाजत सांगतो. सिंधूनं तेवढं एक वाक्य ऐकण्यासाठी रोज संध्याकाळी दळण बाजूला ठेवलं असतं. आणि समजा भावोजी तिच्याच घरी आले असते, "वहिनी, साहेब काय करतात?" तर ती पदर सावरून म्हणाली असती, "वकील आहेत." आतल्या खोलीत काय पडलंय ते तिनं कळूही दिलं नसतं.

'देवदास' तिच्यापुढे कुणी लावू नका. दारू पिऊन मरणाऱ्या माणसासाठी सिनेमावाले किती सुंदर गाणी करतात! तो खोकला तरी लोक हळहळतात. सुधाकरला तो सिनेमा फार आवडला असता. दारुड्याला आपलं दुःख मोठ्या पडद्यावर पाहायला आवडतंच. सिंधू मात्र उठून भाकरी थापायला गेली असती. आपल्या भाषेनंही तेच केलंय बघा. तळीरामाचं नाव आज पेपरात छापून येतं, 'तळीरामांची झुंबड', 'तळीरामांवर कारवाई', आणि वाचून सगळे हसतात. नाटकात तळीरामाला बायको आहे, गीता तिचं नाव. ती किती जणांना आठवते?

खरा वाद झाला तो 'आई कुठे काय करते' वरून. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका आपण जवळजवळ पाच वर्षं पाहिली. अरुंधती संसारासाठी राबते, नवरा दुसरीकडे गुंततो, ती घटस्फोट घेते आणि गाण्यात स्वतःचं काही उभं करते. तरुण बायका म्हणाल्या, सिंधूला हीच दाखवा, डोळे उघडतील. आम्हाला वाटतं, सिंधू चिडली असती. नवऱ्याला सोडते ती कसली बाई, असं म्हणून तिनं चॅनल बदललं असतं. आपल्या ओळखीच्या किती बायका असंच बोलत होत्या, आठवा. बोलत होत्या, पण दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा टीव्हीपुढे होत्या.

मोठ्या मावशी सिंधूची बाजू घेऊन भांडल्या. "नाटक पाहणारा म्हणतो, कसाले रडस व माय, ऊठ ना! पण उठून जाशील कुठे?" माहेरी भाऊ आहे, पण भावजयही आहे. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर. आणि आपण गेलो तर हा गटारात पडून मरेल, ही भीती वेगळीच. तिला भोळी म्हणणं सोपं आहे. तिच्या वेळी ना घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा होता, ना कुठला नंबर, ना स्वतःच्या नावाचं पासबुक. ते आपल्या आत्ताच्या गटात आहे, तरी आपल्यातल्याही सगळ्या जणी उठून जात नाहीत.

सिंधू मरायच्या आधी फौजदार येतो. ती खरं सांगत नाही, नवऱ्याला वाचवते. हे सांगताना आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली. कारण कपाळावर टाके घालून आलेली बाई "न्हाणीत पाय घसरला" म्हणते, हे आपल्या प्रत्येक गटानं ऐकलेलं आहे. आपणही "जपून गं" म्हणतो आणि पुढचं नाव पुकारतो. त्या दिवशी मात्र एक ताई मागून हळू आवाजात म्हणाली, "माझी न्हाणी कोरडीच होती." एवढंच. तिचं नाव, गाव सांगणार नाही. पण तिच्याजवळ कुणीतरी सरकून बसलं, आणि बैठक संपल्यावर दोघी जणी तिच्याबरोबर घरापर्यंत गेल्या.

म्हणून इथे कामाचं सांगून ठेवतो. 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे, लगेच मदत हवी असेल तर 112. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे. त्यात नवऱ्याला तुरुंगात टाकणं ही पहिली पायरी नाही. आपल्याला राहत्या घरातून काढू नये, मारू नये, खर्चाला पैसे द्यावेत, असा आदेश मागता येतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येतो. आणि नवऱ्याला सोडवायचंय ते दारूपासून, असं जिला वाटतं तिच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालतंय. तिथं दारू पिणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोशीही बोलतात, तिचाही गट असतो. सिंधूला असं कुणी विचारलंच नव्हतं.

पुन्हा सिनेमाकडे येतो. आमची शेवटची निवड 'इंग्लिश विंग्लिश'. श्रीदेवीचा, 2012 चा. पुण्याची शशी गोडबोले लाडू करून विकते, घरचे तिला हसतात. सिंधूचं मन कशावर बसलं असतं? इंग्रजीवर नाही, लाडवांवर. स्वतःच्या हाताचे पैसे मोजताना शशीच्या तोंडावर जे दिसतं, ते दळणाचे पैसे मोजताना सिंधूला कधी वाटलंच नाही. तिला ती नामुष्की वाटायची, घराण्याची अब्रू गेल्याची खूण. इथं आम्हाला आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई आठवतात. ऐन तिशीत विधवा झालेली बाई, शेतात राबली, जात्यावर बसली आणि जात्याच्या घरघरीत तिच्या ओव्या तयार झाल्या. जातं दोघींकडेही होतं. सिंधूचं जातं बंद दाराआड होतं आणि शेजारणीला ऐकू जाऊ नये याचीच तिला काळजी.

'बाईपण भारी देवा' तिनं घरी पाहू नये. 2023 साली आपण जशा सगळ्या जणी नऊवाऱ्या काढून, गजरे माळून टॉकीजला गेलो, शेवटच्या मंगळागौरीला खुर्च्यांमधून उठून नाचलो, तसं तिला न्यायला हवं. ती नाही म्हणेल. हे घरी येतील, बाळ रडेल, साडी धड नाही, असं शंभर वेळा म्हणेल. साडी आपल्यातली कुणीही देईल. बाळ मावशी सांभाळतील, त्यांना सिनेमात झोपच लागते.

गीतेचं मात्र अजून ठरलेलं नाही. तळीरामाला तोंडावर चार शब्द सुनावणारी ती बाई. तिला 'सैराट' मधली बुलेटवर बसलेली आर्ची आवडेल, असं निम्म्या जणी म्हणतात. बाकीच्यांचं म्हणणं, तिला टीव्हीपुढे बसायला वेळच मिळणार नाही; आडवी बाटली करायला ती सह्या गोळा करत गावात फिरत असेल. तुमच्या गटात विचारा आणि येत्या मंगळवारपर्यंत रेडिओला फोन करून सांगा. गटाचं नाव सांगा, सांगणारीचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.