ट्यूब व्हॉल्व्हपाशीच का फाटते?

(ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय दिसायला छोटा आहे, पण रस्त्यात समोर आला की दिवस घालवतो. सायकलची ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटणं.

काटा लागला, काच लागली, तर आपण पॅच लावतो आणि पुढे निघतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी मात्र पॅच धरत नाही. तिथलं रबर जाड असतं, उंचसखल असतं, आणि मधोमध धातूचा दांडा. सोल्यूशन कितीही लावा, हवा भरली की कडेनं फुस्स! म्हणजे ट्यूबच गेली. त्यामुळे इथे दुरुस्ती नाही, आधीची काळजीच कामाला येते.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरत होतो. मागचं चाक बसलं. उतरून बघतो तर ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटलेली. जवळ एक नवी ट्यूब होती, ती घाईघाईनं घातली. घाट संपायच्या आत तीही गेली. मग काय, वाईपर्यंत सायकल हातात धरून पायी. घरी दोन्ही ट्यूब शेजारी ठेवल्या, तर छेद अगदी एकाच जागी. रिमच्या भोकात बोट फिरवलं आणि बोटाला टोचलं. भोकाच्या काठावर धातूचा बारीकसा कंगोरा होता. ते बोट मी घाटातच फिरवलं असतं, तर दुसरी ट्यूब वाचली असती.

म्हणून पहिली गोष्ट: फाटलेली ट्यूब लगेच फेकू नका, आधी ती वाचा. बुडाभोवती गोलाकार छेद असेल, तर भोकाचा काठ धारदार आहे किंवा भोक मोठं आहे. बुडाच्या एकाच बाजूला फाटलं असेल, तर व्हॉल्व्ह तिरका ओढला गेलाय. आणि रबर शाबूत असून हवा दांड्याच्या तोंडातून जात असेल, तर ट्यूब चांगली आहे. तोंडावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे येतील. आपल्या साध्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये आत एक रबरी नळी असते, ती कुजते. ती बदलली की काम झालं. उगाच नवी ट्यूब घेऊ नका.

आता एकेक कारण बघू.

धारदार काठ असेल तर बारीक गोल कानस किंवा पॉलिश पेपरनं तो गुळगुळीत करा, भुकटी पुसून काढा. रिमच्या आतली पट्टी सरकलेली नाही ना, तिचं भोक रिमच्या भोकावर नीट बसतंय ना, तेही बघा.

मोठं भोक म्हणजे काय? बारीक व्हॉल्व्ह, ज्याला प्रेस्टा म्हणतात, तो साधारण ६ मिलिमीटरचा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, म्हणजे श्रेडर, साधारण ८ मिलिमीटरचा. जाड व्हॉल्व्हच्या रिममध्ये बारीक व्हॉल्व्हची ट्यूब घातली की भोवती फट राहते. हवेच्या दाबानं रबर त्या फटीत फुगतं आणि काठावर कापलं जातं. अशा वेळी फट भरणारी छोटी रबरी किंवा धातूची रिंग मिळते, ती घालायची.

व्हॉल्व्ह तिरका का होतो? मुख्य कारण कमी हवा. हवा कमी असली की टायरची रिमवरची पकड सुटते. ब्रेक दाबला की टायर थोडा सरकतो, ट्यूबला सोबत नेतो, पण व्हॉल्व्ह भोकात अडकलेला. मग ताण कुठे येणार? बुडावरच. टायरच्या बाजूला हवेचा दाब लिहिलेला असतो, त्या मर्यादेत हवा ठेवा. आणि व्हॉल्व्ह तिरका दिसला तर तो पकडून ओढू नका. सगळी हवा सोडा, टायर सरकवून व्हॉल्व्ह सरळ करा, मग भरा.

नट! चाक रिकामं असताना पान्यानं नट आवळला की ट्यूबचं बूड भोकात ओढलं जातं. हवा भरल्यावर, बोटांनी, हलकासा. एवढा पुरे.

ट्यूब घालताना आधी तिला थोडीशी हवा द्या, म्हणजे आकार येतो. टायर बसला की व्हॉल्व्ह एकदा आत दाबा, म्हणजे टायरच्या कडेखाली रबर चिमटलेलं असेल तर सुटेल. मग तो परत बाहेर ओढून हवा भरा. छोट्या हातपंपानं भरताना दुसऱ्या हातानं पंपाचं तोंड आणि चाक घट्ट धरा. प्रत्येक दाबाला व्हॉल्व्ह डुलला, तर बुडाचं रबर थकतं.

शाळेत, कामावर रोज सायकलनं जाणाऱ्यासाठी एक ट्यूब म्हणजे नुसते पैसे नाहीत, चुकलेला पहिला तास आहे, कापलेला खाडा आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा: दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह बघा. सरळ रिमच्या मध्याकडे उभे आहेत का? नसतील, तर उद्या निघायच्या आधी सरळ करा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.