मनगटावरचे घड्याळ आणि छातीतली कळ

(कामगारांच्या आरोग्यविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही ईसीजी काढणारी माणसे, डॉक्टर नव्हे. दवाखान्यात पडद्याआड एक टेबल असते; त्यावर आडवे व्हायला सांगून छातीला थंडगार जेली लावणारे जे असतात, ते आम्ही. औषधोपचारावर आम्ही बोलणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण गेली काही वर्षे आमच्याकडे येणाऱ्या कामगारांपैकी अनेकांच्या मनगटावर स्मार्टवॉच असते आणि ईसीजी काढण्याआधीच ते आमच्यापुढे धरले जाते. "यात तर सगळं नॉर्मल दाखवतंय," असे सांगतात. काल सुरत आणि इंदूरहून आलेल्या प्रतिनिधींशी बोलताना कळले की, तिकडे एक-दोन ठिकाणी दिवाळीला मिठाईच्या खोक्याऐवजी घड्याळे वाटण्याची भाषा चालू आहे. तेव्हा हा विषय घेणे भाग आहे.

प्रथम हे यंत्र करते काय? घड्याळ उलटे करून पाहा. पाठीला हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटात रक्त वाढते आणि प्रकाश कमी परततो. दोन ठोक्यांच्या मध्ये जास्त परततो. या चढउतारावरून घड्याळ नाडी मोजते. वैद्य तीन बोटे ठेवून जे पाहतात, ते इथे दिवा पाहतो. काही महागड्या घड्याळांत आणखी एक सोय असते. दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या बटणावर तीस सेकंद धरले की ईसीजीची एक रेघ निघते. अॅपलच्या घड्याळातील या सोयीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली मान्यता दिली. आपल्याकडे ती २०१९ मध्ये आली. दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत मात्र नुसता हिरवा दिवा असतो आणि हे वैद्यकीय उपकरण नव्हे, असे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते. त्यातली काही घड्याळे केळ्याला बांधली तरी ठोके दाखवतात. घरी करून पाहा, मुलांना मजा वाटेल.

आता उपयोग सांगतो, कारण उपयोग खरा आहे. आमच्याकडे एका कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बाई तीन वर्षांत पाच-सहा वेळा आल्या. मध्येच धडधड सुरू होई, डोळ्यांपुढे अंधारी येई. टेबलावर येईपर्यंत सारे थांबलेले असे. आमचा कागद दर वेळी सरळ. बायकांच्या बाबतीत मग ठरलेले उत्तर मिळते: टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या. शेवटी मुलाने आपले घड्याळ त्यांच्या हाताला बांधले. धडधड सुरू होताच त्यांनी बोट धरले, तीस सेकंदांची रेघ फोनवर उतरली आणि मुलाने ती छापून आणली. ठोके मिनिटाला १८० च्या वर. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्याच दिवशी पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली. जे आमच्या मोठ्या यंत्राला तीन वर्षे सापडले नाही ते मनगटावर सापडले, कारण ते त्या क्षणी तिथे होते.

दुसरा उपयोग एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात आहे. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी पूर्ण बेताल होते. आत रक्त साकळून गुठळी बनते. ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. या विकारात अर्धांगाचा धोका सुमारे पाचपट वाढतो आणि पुष्कळांना तो विकार जाणवतही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने अॅपलच्या पैशावर (हे लक्षात ठेवावे) ४,१९,२९७ लोकांची पाहणी केली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. घड्याळाने नाडी अनियमित असल्याचा इशारा दिला तो २,१६१ जणांना, म्हणजे हजारी सुमारे पाच. त्यातल्या ज्या ४५० जणांनी नंतर छातीवर पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार पट्टीवर दिसला. बाकीच्यांना तो नव्हताच असे नाही, कारण तो येतो-जातो. इशारा आला तर घाबरून जाऊ नये, पण कपाटातही ठेवू नये. डॉक्टरांकडे जावे.

एवढे झाल्यावर मर्यादांकडे येतो, आणि इथे जरा थांबावे लागेल.

आमच्याकडे एक बसचालक आले. वय पन्नाशीच्या आसपास. पहाटे चारला डाव्या जबड्यात कळ आली, घाम फुटला. त्यांनी घड्याळावर बोट धरले. उत्तर आले, 'सायनस रिदम', म्हणजे ठोक्यांची लय बरोबर आहे. पित्त झाले असेल म्हणून ते पाळी संपेपर्यंत गाडी चालवत राहिले. आमच्या टेबलावर आले तेव्हा साडेनऊ झाले होते. आम्ही तारा लावल्या आणि कागद बाहेर येताना पाहूनच धावत डॉक्टरांना बोलावले. झटका मोठा होता. माणूस वाचला, पण हृदयाचा बराच स्नायू गेला, आणि त्यांच्या हाती पुन्हा स्टिअरिंग आले नाही. घड्याळ खोटे बोलले का? नाही. लय खरोखरच बरोबर होती. झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद होणे. नळी बंद झाली तरी लय कित्येकदा शाबूत राहते. घड्याळाला लय विचारली होती, त्याने लय सांगितली. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, असे उत्पादक स्वतः लिहून देतो. पण ते इंग्रजीत, छोट्या पडद्यावर, आणि पहाटे चारला कळ येत असताना ते वाचणार कोण?

आम्ही दहा तारा लावतो, चार हातापायांना आणि सहा छातीवर. त्यांतून हृदयाच्या बारा बाजू दिसतात. घड्याळाला दिसते ती एक. घराला मागून आग लागली असेल तर पुढच्या खिडकीतून ती दिसेलच असे नाही. खरे सांगायचे तर आमचाही पहिला ईसीजी कधी कधी चांगला निघतो. म्हणून दवाखान्यात तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनसाठी रक्त तपासतात. जिथे दहा तारांवर डॉक्टर निर्धास्त राहत नाहीत, तिथे एका बोटावर आपण कसे राहावे? छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम, यांतले काही झाले तर घड्याळाकडे पाहूच नका. १०८ ला फोन करा किंवा कोणाला तरी घेऊन ईसीजी निघतो अशा ठिकाणी जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

आणखी एक गोष्ट कामगारांपुरती. अनियमित नाडी शोधताना घड्याळ हात स्थिर असताना मोजते. मागावरच्या, भट्टीवरच्या, हमालीच्या माणसाचा हात पाळीभर स्थिर असतो कधी? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात हालचाल चालू असताना चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळली. सैल पट्टा, गारठलेले हात, मनगटावरचे गोंदण, यांनीही दिवा फसतो. म्हणजे ज्याचे काम सर्वांत कष्टाचे, त्याच्याविषयी घड्याळाला सर्वांत कमी कळते.

आणि झटका येण्याआधीचे काय? बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातून दिसले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो; आणि कारणे तीच: तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण. यांपैकी तंबाखू, साखर आणि चरबी तर मनगटावर दिसतच नाही. रक्तदाब दाखवणारी स्वस्त घड्याळे आहेत, त्यांवर विसंबू नये. दंडाला पट्टा बांधूनच मोजावा.

म्हणून दिवाळीच्या घड्याळाबद्दल आमचे मत असे. भेट म्हणून देत असतील तर घ्यावे. तपासणीच्या बदली देत असतील तर घेऊ नये. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ठराविक कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने विनामूल्य करावी, असे लिहिले आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संहितांशी आपले भांडण वेगळे आहे, पण हे वाक्य आपल्या कामाचे आहे. मागणीपत्रात बारा बाजूंचा ईसीजी, रक्तदाब आणि साखर ही नावे घालून मागावीत. नुसते 'आरोग्य सुविधा' लिहिले की त्यात घड्याळही बसते.

नोंदी कोणाकडे जातात, हेही विचारावे. नागपूर आणि चंडीगड येथे महापालिकेने सफाई कामगारांच्या हाताला जीपीएसची घड्याळे बांधली होती. ती जागा सांगत, हृदय नव्हे. पण जागा सांगणारे यंत्र उद्या ठोकेही सांगू शकते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्यातील कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट मालकाला ठेवली आहे. ज्याची नाडी बेताल, त्याला क्रेनवर ठेवावे की नाही, हे डॉक्टरने ठरवायचे. मनुष्यबळ विभागाच्या संगणकाने नव्हे. म्हणून नोंदी कामगाराच्या स्वतःच्या फोनवरच राहतील, हे करारात लिहून घ्यावे.

जेवणानंतर मागच्या खोलीत आम्ही आमचे लहान यंत्र मांडणार आहोत. ज्यांच्याकडे घड्याळ आहे त्यांनी ते घालून यावे. पट्टा कुठे आणि किती घट्ट बांधायचा ते दाखवू, मग शेजारी दहा तारा लावून दोन्ही कागद पाहू. चाळिशीपुढच्यांनी घड्याळ नसले तरी यावे.