पक्ष राष्ट्रीय, शाखा राज्याची, मग आपण कोणाचे?

(हुतात्मा दिनानिमित्त युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सर्वप्रथम सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना विनम्र अभिवादन.

आज आपल्या गल्लीतली कितीतरी पोरं राष्ट्रीय पक्षांचं काम करायलेत. त्यांना शिव्या द्यायला मी उभा नाही. पण ज्या शाखेत आपण जातोय, ती चालते कशी, एवढं तरी बघूया की.

राज्यशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्रीय पक्षाचे निकष असतात. त्यातला एक म्हणजे चार राज्यांत राज्य पक्ष म्हणून मान्यता. म्हणजे राष्ट्रीय पक्षसुद्धा शेवटी राज्याराज्यांतल्या शाखांची बेरीज. आणि शाखेची हद्द जिथे संपते, तिथे तिची भूमिकाही संपते.

हे आजचं नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषेनुसार प्रांतिक समित्या केल्या. तेव्हा बेळगाव इंग्रजांच्या मुंबई प्रांतात होतं, पण काँग्रेसच्या रचनेत ते कर्नाटक प्रांतिक समितीकडे गेलं. १९२४ चं बेळगावचं अधिवेशन, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, ते याच समितीने भरवलं. पुढाकार होता टिळकांचे अनुयायी गंगाधरराव देशपांडे यांचा. राज्याच्या नकाशात आपण १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूरमध्ये गेलो. पक्षाच्या नकाशात त्याआधी ३६ वर्षं गेलेलो होतो.

१९६६ मध्ये महाजन आयोग नेमला तेव्हा दिल्ली, मुंबई आणि बेंगळूर, तिन्हीकडे काँग्रेसच होती. अहवाल आला. म्हैसूरच्या काँग्रेस सरकारला तो मान्य, महाराष्ट्राच्या काँग्रेस सरकारला अमान्य. पक्ष एकच, चिन्हही एकच!

आता डिसेंबर २०२२ बघा. १४ तारखेला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. २२ तारखेला कर्नाटक विधानसभेने एकमताने ठराव केला, एक इंचही देणार नाही. २७ तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने ठराव केला, ८६५ गावांची इंच न् इंच जमीन घेणार. एकमताने म्हणजे भाजपही दोन्हीकडे आणि काँग्रेसही दोन्हीकडे. पाच दिवसांत एकाच पक्षाच्या दोन शाखा समोरासमोर, आणि कुठल्याही पक्षाला त्याचा त्रास झाला नाही.

का झाला नाही? हिशेब सोपा आहे. कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागा. त्यातल्या मराठी मतांवर निकाल फिरेल अशा जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यासाठी इथली शाखा बाकीच्या जागा धोक्यात घालणार नाही. महाराष्ट्राच्या २८८ जागा. त्यातल्या एकाही जागेवर आपलं मत नाही. म्हणजे जिला आपण मत देऊ शकतो ती शाखा आपल्यासाठी बोलत नाही, आणि जी बोलते तिला आपण मत देऊ शकत नाही. सीमावासीयाची खरी कोंडी ही आहे. दिल्लीला लोकसभेसाठी २८ आणि ४८, दोन्ही जागा हव्या असतात, म्हणून दिल्ली गप्प.

कोणी म्हणेल, समितीचं काय राहिलंय आता? २०१८ आणि २०२३ ला विधानसभेत आपला एकही आमदार नाही. २०२१ ला महापालिका पहिल्यांदा पक्षचिन्हावर लढली गेली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या. खरं आहे. आपल्यातली फूट, एका जागेला दोन उमेदवार, हेही खरं आहे. पण समिती दुबळी झाली म्हणून राष्ट्रीय शाखा आपोआप आपली होत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही पक्षाचा झेंडा घ्या, पण आधी लेखी विचारा. पहिलं, ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागदपत्रं मिळावीत, ही सवलत जुनी आहे, ती मिळवून देणार का? दुसरं, राज्यघटनेच्या ३५० अ कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण मातृभाषेत, मग मराठी शाळांना शिक्षक देणार का? या दोन गोष्टींना सीमा हलवावी लागत नाही. तिसरं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यावर पक्षाची एकच भूमिका काय?

आणि महाराष्ट्रातल्या नेत्यांनाही विचारा. विधिमंडळात आमच्या बाजूने हात वर करता आणि निवडणूक आली की याच पक्षांच्या प्रचाराला इथे येता, हे कसं काय?

उत्तर लेखी मिळालं तर गल्लीत लावा. नाही मिळालं, तर तेही लावा.

जय महाराष्ट्र!