मुंबई–हावडा लाइनीवरचे पाहुणे



साथरोगांच्या या परिषदेसाठी तुमच्यातले बरेच डॉक्टर-संशोधक मुंबई–हावडा लाइनीनं नवा रायपुरात आलात. आपला विषय असलेला फ्लूही बहुधा याच लाइनीनं इकडे आला. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापानं फणफणून इस्पितळात दाखल झाले, आणि मग रुळांच्या कडेकडेनं साथ देशभर गेली. पहिली लाट सौम्य होती. माणसं मारली ती सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेनं. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू झाले. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. त्या प्रांताइतकी झळ देशात फार थोड्या भागांना बसली, त्यात पावसानंही दगा दिलेला.

माझी आजी राजनांदगावची. तिला सन सांगता येत नसे. थोरला मुलगा ‘मानमोडीच्या आदल्या साली’ झाला, असा तिचा हिशेब. ‘स्पॅनिश फ्लू’पेक्षा मला ‘मानमोडी’ हे नाव प्रामाणिक वाटतं. त्यात दुखणं आहे, दुसऱ्या देशावर खापर नाही.

खरा गुन्हेगार हाती लागायला १९३३ उजाडलं. तोवर आळ फायफरच्या बिचाऱ्या जिवाणूवर होता. लंडनच्या प्रयोगशाळेत फ्लू झालेला एक फेरेट, म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी, विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला. ते आजारी पडले आणि त्यांच्याच घशातून मिळालेला विषाणू पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत नांदला. १९५७चा एच२एन२, १९६८चा एच३एन२ तुम्हाला मी काय सांगावा! २००९मध्ये एच१एन१ नव्या रूपात आला, देशातला पहिला बळी पुण्यात गेला, आणि लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधून हिंडणारी माणसं आपण पाहिली.

पक्ष्यांचा एच५एन१ मात्र अजून दारातच घुटमळतो आहे. २००६मध्ये तो नंदुरबारच्या नवापुरात शिरला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२५च्या सुरुवातीला आमच्या रायगढच्या सरकारी पोल्ट्रीतही तो सापडला.

म्हणूनच दुपारच्या जेवणावरून स्वागत समितीत दोन बैठका झाल्या. अखेर चिला आणि फरा या इथल्या पदार्थांसोबत कोंबडीचा रस्साही ठेवला आहे. नीट शिजवलेल्या कोंबडीनं फ्लू होत नाही, हे निदान या सभागृहात तरी पटवून द्यावं लागू नये. जेवण दीड वाजता, मागच्या मांडवात.